दोन आसनी स्पिटफायरमधून उड्डाण: नोंदणीपासून जमिनीवर परत येईपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लढाऊ विमानातून आजही प्रवासी म्हणून उडता येते आणि त्यासाठी हवाई दलात असावे लागत नाही. इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागातील काही जुन्या तळांवरून, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, दोन आसनी स्पिटफायर विमाने उडत असतात. पुढे वैमानिक बसतो आणि मागे पैसे भरून आलेला पाहुणा. खर्च मोठा आहे, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो आणि तो अर्धा तास पदरात पडेल की नाही हे शेवटच्या घटकेपर्यंत ठरलेले नसते. म्हणूनच या उड्डाणाची आखणी कशी करावी, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

हा लेख भारतातून खास जाणाऱ्या किंवा ब्रिटनमधील मुलामुलींकडे मुक्कामाला जाणाऱ्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. मी स्वतः या उड्डाणासाठी दोनदा गेलो. पहिल्या वेळी विमान हँगरबाहेरही आले नाही आणि दुसऱ्या वेळी तीस मिनिटे उडालो. पहिल्या वेळचा दोष तळाचा नव्हता आणि विमानाचाही नव्हता. तो माझ्या वेळापत्रकाचा होता, आणि पुढील बरेचसे सल्ले त्या चुकीने शिकवलेले आहेत.

विमान कोणते आणि त्याला मागचे आसन कुठून आले

स्पिटफायरने ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टले येथून पहिले उड्डाण केले. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल पुढच्याच वर्षी वारले; वीस हजारांहून अधिक संख्येने बांधल्या गेलेल्या आपल्या विमानाचे युद्धातील कर्तृत्व त्यांना पाहता आले नाही. मूळ स्पिटफायर एकट्या वैमानिकाचे विमान होते. युद्ध संपल्यावर व्हिकर्स कंपनीने मार्क नऊ या प्रकारच्या शिल्लक विमानांमध्ये मागे दुसरे कॉकपिट बसवून प्रशिक्षणासाठी दोन आसनी रूप तयार केले. अशी वीस विमाने विकली गेली: सहा आयर्लंडला, तीन नेदरलँड्सला, एक इजिप्तला आणि दहा भारताला. म्हणजे या मागच्या आसनाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपलेच हवाई दल होते, ही गोष्ट इंग्लंडमधील तळावर सहज बोलून दाखवली तर समोरचा माणूस खुशीत येतो आणि चार गोष्टी जास्त सांगतो, असा माझा अनुभव आहे.

आज पाहुण्यांना घेऊन उडणाऱ्या विमानांपैकी काही त्या आयरिश तुकडीतील आहेत, तर काही मूळची एक आसनी असून नंतर दुरुस्तीच्या वेळी दोन आसनी केलेली आहेत. पैसे भरण्यापूर्वी विमानाचा क्रमांक विचारून घ्यावा, कारण प्रत्येक क्रमांकामागे वेगळा इतिहास असतो. उदाहरणार्थ, एमएल ४०७ हे विमान ६ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्या दिवशी, न्यूझीलंडच्या ४८५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लढत होते. शिवाय विमानाच्या अंगावर रंगवलेली अक्षरे कोणत्या स्क्वाड्रनची आहेत, हेही विचारावे. ब्रिटिश हवाई दलातील १२२ आणि १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनना युद्धनिधीतील देणग्यांची जाण म्हणून मुंबईचे नाव देण्यात आले होते आणि दोन्हींनी स्पिटफायर उडवले. मुंबईकराला ही अक्षरे कुठे दिसलीच तर त्याने ती ओळखावीत.

स्पिटफायरऐवजी हॉकर हरिकेनचा पर्यायही आहे. बीई ५०५ हे हरिकेन दोन आसनी करण्यात आले असून त्यातूनही पाहुणे उडतात. हरिकेनचा मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचा असतो. ते थोडे संथ आणि जास्त ठाम विमान आहे. १९४०मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईत संख्येने जास्त होती ती हरिकेनच, तरी नाव झाले ते स्पिटफायरचे. ज्यांना गर्दीपासून वेगळे काही हवे आहे, त्यांनी हरिकेनचा विचार जरूर करावा.

तळाची निवड

निवड करताना तीन प्रश्न विचारावेत: खाली काय दिसणार, लंडनहून जाणे-येणे कसे होणार आणि सोबतची माणसे दिवसभर काय करणार.

चिचेस्टरजवळचे गुडवुड हे माझ्या मते निसर्गाच्या दृष्टीने सर्वांत देखणे ठिकाण आहे. युद्धकाळात त्याचे नाव वेस्टहॅम्पनेट होते आणि दोन्ही पाय गमावलेले प्रसिद्ध वैमानिक डग्लस बेडर ९ ऑगस्ट १९४१ रोजी येथूनच त्यांच्या शेवटच्या युद्धमोहिमेवर निघाले, त्यानंतर ते जर्मनांच्या कैदेत पडले. येथे धावपट्टी गवताची आहे. उड्डाणानंतर काही मिनिटांतच समुद्र दिसू लागतो आणि वाइट बेटाच्या दिशेने जाता येते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून चिचेस्टरला थेट गाडी मिळते, परंतु जायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो.

बिगिन हिल लंडनच्या आग्नेय कडेला आहे आणि ब्रॉमली साउथ स्थानकावरून बसने गाठता येते. १९४०च्या उन्हाळ्यात या तळावर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. तळाच्या दारातील सेंट जॉर्ज चॅपलमध्ये मृत वैमानिकांची नावे कोरलेली आहेत आणि ती वाचायला अर्धा तास राखून ठेवावा. येथून केंट परगण्याच्या फळबागांवरून आणि लांबचे उड्डाण घेतल्यास डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपर्यंत जाता येते. मुक्काम लंडनमध्येच असेल, तर हवामान बघून ऐनवेळी निघण्यासाठी हे ठिकाण सर्वांत सोयीचे आहे.

केंब्रिजजवळच्या डक्सफर्डची शिफारस मी कुटुंबासह जाणाऱ्यांना करीन. ऑगस्ट १९३८मध्ये हवाई दलाला पहिले स्पिटफायर मिळाले ते याच तळावरील १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला. आज तेथे इम्पीरियल वॉर म्युझियमचे प्रचंड विमानसंग्रहालय आहे, त्यामुळे आपले उड्डाण पुढे ढकलले गेले तरी सोबतच्या माणसांचा दिवस वाया जात नाही. व्हिटल्सफर्ड पार्कवे हे रेल्वे स्थानक जवळ आहे. याशिवाय केंटमधील हेडकॉर्न या गवती धावपट्टीवरूनही अशी उड्डाणे होतात.

नोंदणी आणि पैसे

वीस ते तीस मिनिटांच्या उड्डाणासाठी साधारण अडीच हजार ते चार हजार पौंडांची तयारी ठेवावी. म्हणजे रुपयांत पावणेतीन लाखांपासून पुढे. ही रक्कम ऐकून डोळे पांढरे होतात, पण विमानाचे सत्तावीस लिटरचे, बारा सिलिंडरचे मर्लिन इंजिन ताशी दोनशे लिटरच्या आसपास विमानाचे पेट्रोल पिते, ठराविक तासांनंतर ते संपूर्ण उघडून पुन्हा बांधावे लागते आणि हे काम जाणणाऱ्या कार्यशाळा जगात मोजक्या आहेत, हे लक्षात घेतले की हिशेब जुळू लागतो.

नोंदणी करताना ‘तीस मिनिटे’ म्हणजे नेमकी कोणती, हे लेखी विचारून घ्यावे. काही ठिकाणी इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ धरतात आणि काही ठिकाणी चाके जमीन सोडल्यापासूनचा. धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात पाच-सात मिनिटे सहज जातात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. याखेरीज चित्रफितीचे पैसे वेगळे आहेत का, तारीख बदलण्याचे शुल्क किती, हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की फक्त नवी तारीख मिळते, आणि भेट म्हणून घेतलेल्या व्हाउचरची मुदत कधी संपते, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कार्डाला हात लावू नये. बहुतेक ठिकाणी हवामानासाठी पैसे परत मिळत नाहीत, नवी तारीख मिळते. भारतातून जाणाऱ्याला पुढच्या आठवड्यातील तारखेचा उपयोग किती, याचा विचार ज्याचा त्याने करायचा आहे. भारतीय कार्डाने पैसे भरताना परदेशी व्यवहाराची सोय व मर्यादा आधी चालू करून घ्यावी आणि बँक परकीय चलनावर किती अधिभार लावते तेही पाहावे, कारण तीन-चार लाखांवर तीन टक्के म्हणजे परतीच्या प्रवासातील बरेच काही.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना ब्रिटनचा साधा पाहुणा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारच्या वेळा मात्र त्याच्याही आधी भरतात, म्हणून तारीख बदलण्याची मुभा असलेली नोंदणी आधी, मग व्हिसा आणि शेवटी विमानाचे तिकीट, हा क्रम मला सोयीचा वाटतो.

पैशाची अडचण असेल तर एक मधला मार्गही आहे. काही तळांवर स्पिटफायरच्या शेजारून उडणाऱ्या दुसऱ्या छोट्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये आसन मिळते आणि त्याचे शुल्क पुष्कळच कमी असते. घरातील एकजण स्पिटफायरमध्ये आणि बाकीचे शेजारच्या विमानात, अशीही योजना करता येते. शेजारून दिसणारे लंबवर्तुळाकार पंख हे आत बसलेल्याच्या नशिबी नसलेले दृश्य आहे.

हवामानासाठी दिवस राखून ठेवणे

माझी चूक येथे झाली. लंडनमध्ये मुलाकडे दहा दिवस मुक्काम होता आणि आधी बाकीचे सगळे उरकून घ्यावे, या आपल्या नेहमीच्या विचाराने मी परतीच्या आदल्या दिवसाची वेळ घेतली. त्या सकाळी ढग इतके खाली होते की तळाच्या नियंत्रण मनोऱ्याचे छप्परही धूसर दिसत होते. अकरापर्यंत थांबलो, दोनपर्यंत थांबलो, चहाचे चार पेले झाले आणि मग वैमानिकाने येऊन शांतपणे नाही म्हणून सांगितले.

ही विमाने दिवसाउजेडी, जमीन आणि क्षितिज डोळ्यांना दिसत असतानाच उडवतात; ढगात शिरत नाहीत. पाऊस नसला तरी ढग खाली असले, धुके असले किंवा वारा धावपट्टीला आडवा असला, तर उड्डाण होत नाही. आडव्या वाऱ्याची भीती रास्त आहे, कारण स्पिटफायरच्या दोन मुख्य चाकांमधील अंतर जेमतेम पावणेदोन मीटर आहे आणि एवढ्या अरुंद पायांवर हे विमान गवतावरून धावताना सहज कलते. गवती धावपट्टी आदल्या रात्रीच्या पावसाने भिजली असली तरी अडचण येते.

म्हणून मुक्कामाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतील वेळ घ्यावी आणि तिच्यामागे निदान तीन मोकळे दिवस ठेवावेत. सकाळी धुके असते आणि दुपारी ऊन तापल्यावर हवेत गचके बसतात, असा उन्हाळ्यातील सर्वसाधारण अनुभव आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी उशिराची किंवा संध्याकाळची वेळ मागावी. आदल्या दिवशी संध्याकाळी तळावर फोन करून अंदाज विचारावा आणि सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारावा. पहिल्या वेळी मी दुसरा फोन केला असता, तर दोन तासांचा प्रवास वाचला असता.

धोका आणि त्यावरची सही

उड्डाणापूर्वी एका संमतिपत्रावर सही करावी लागते आणि ते वाचायला लोक टाळाटाळ करतात. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने यासाठी स्वतंत्र चौकट केलेली आहे. हे विमान प्रवासी विमानांच्या सुरक्षा निकषांवर बांधलेले नाही, ते तितके सुरक्षित असल्याचा दावा कोणी करत नाही आणि हे समजून मी चढत आहे, असे पाहुणा त्यात मान्य करतो. अशी संमती घेऊनच पैसे आकारण्याची परवानगी चालकाला, म्हणजे उड्डाणे चालवणाऱ्या संस्थेला, मिळते. ती परवानगी आपण निवडलेल्या चालकाकडे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. चांगला चालक आपणहून दाखवतो.

धोका कागदावरचा नाही. मे २०२४मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती तुकडीतील एक स्पिटफायर कॉनिंग्सबी तळाजवळ कोसळले आणि त्यातील अनुभवी वैमानिकाचा मृत्यू झाला. विमानाला एकच इंजिन असते आणि त्याची रचना १९३०च्या दशकातील आहे. घरच्यांना हे सांगूनच जावे, असे माझे मत आहे. परत आल्यावर चित्रफीत दाखवून आश्चर्याचा धक्का देण्याची ही गोष्ट नव्हे. आपल्या प्रवास विम्यात बहुधा नियमित प्रवासी विमानांखेरीज इतर उड्डाणे वगळलेली असतात, म्हणून विम्याची ती बारीक अक्षरे शोधून वाचावीत आणि गरज असल्यास वेगळे संरक्षण घ्यावे.

शरीराची तयारी

वजन आणि उंची यांच्या मर्यादा प्रत्येक विमानाच्या वेगळ्या असतात आणि नोंदणीच्या वेळीच खरे आकडे सांगावेत. वजन तळावर काट्यावर घेतले जाते, तेथे पुण्याहून निघतानाचे वजन चालत नाही. शंभर किलोंच्या पुढे असणाऱ्यांनी आणि सहा फुटांहून उंच असणाऱ्यांनी आधी लेखी होकार घ्यावा. उंचीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय पंखावर चढता येणे, एका पायावर तोल सांभाळून कॉकपिटच्या कडेवरून दुसरा पाय आत टाकता येणे आणि वेळ आल्यास तसेच बाहेर पडता येणे. साठी उलटलेल्यांनी महिनाभर आधीपासून जिने चढण्याचा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करावा. मी केला आणि त्याचा उपयोग झाला.

हृदयविकार, अपस्मार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाठीच्या मणक्यांचे दुखणे किंवा गर्भारपण असेल तर हा बेत करू नये, निदान डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय करू नये. सर्दी झाली असेल तर तीही सांगावी. विमान काही हजार फुटांपेक्षा वर जात नसले तरी ते झपाट्याने वरखाली होते आणि चोंदलेले कान त्या वेळी असह्य दुखतात.

आदल्या रात्री मद्य नको. सकाळी उपाशीही जाऊ नये आणि भरपेटही जाऊ नये. दोन टोस्ट, एखादे केळे, थोडे पाणी एवढे पुरते. आले घातलेली वडी खिशात ठेवण्याची सवय असेल तर ती उड्डाणाच्या आधी खावी, कारण पुढे खिशात काहीही ठेवता येत नाही.

कपडे आणि अंगावरच्या वस्तू

सुती किंवा लोकरीचे कपडे घालावेत. कृत्रिम धाग्याचे कपडे आग लागल्यास वितळून कातडीला चिकटतात, म्हणून खेळाचे टी-शर्ट नकोत. वरून तळाचा उड्डाणपोशाख आणि हातमोजे मिळतात. पातळ व सपाट तळव्याचे, नाडीचे बूट घालावेत, कारण जाड तळव्याचे बूट पायाखालच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. साडी किंवा ओढणी तर चालत नाहीच, पण मंगळसूत्र, बांगड्या, कडे, अंगठ्या आणि गळ्यातील गोफसुद्धा काढून सोबतच्या माणसाकडे द्यावा लागतो. चष्मा चालतो, मात्र मागून दोरी बांधावी.

मोबाइल आत नेऊ देत नाहीत आणि याविषयी हुज्जत घालू नये. आसनाखाली उघड्या सांगाड्यातून नियंत्रणाच्या तारा आणि दांड्या जातात; विमान उलटे झाल्यावर खिशातून निसटलेली किल्ली किंवा पेन त्यांच्यात अडकले, तर वैमानिकाला सुकाणू वळवता येत नाही. चित्रण करण्यासाठी कॉकपिटमध्ये कॅमेरे बसवलेले असतात.

तळावरचा दिवस

दिलेल्या वेळेच्या निदान एक तास आधी पोहोचावे. कागदपत्रे, वजन आणि सुरक्षेची माहिती यांत बराच वेळ जातो आणि यांतील शेवटची गोष्ट जीव लावून ऐकावी. आपल्याला पॅराशूट बांधले जाते. त्याचे पट्टे एक आणि आसनाचे पट्टे दुसरे, आणि दोन्हींची कुलुपे छातीपोटाशी एकमेकांच्या जवळ येतात. बाहेर उडी मारण्याची वेळ आलीच, तर आसनाचे कुलूप सोडायचे असते आणि पॅराशूटच्या कुलपाला बोटही लावायचे नसते. सराव करताना माझा हात दोनदा चुकीच्या कुलपावर गेला. शिकवणाऱ्याने तिसऱ्यांदा डोळे मिटून करायला लावले, तेव्हा जमले. छत उघडणे, आसनाचे कुलूप, रेडिओची वायर, मग बाहेर, हा क्रम तोंडपाठ होईपर्यंत पुन्हा करून दाखवायला सांगावे. कोणी कंटाळत नाही.

विमानावर डाव्या पंखाच्या मुळाशी आखलेल्या पट्टीवरूनच चढायचे असते. बाजूच्या पत्र्यावर पाय पडला तर तो चेपतो. आत बसल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास: पेट्रोल, गरम तेल, जुने कातडे. खांदे दोन्ही बाजूंना जवळजवळ टेकतात. समोर वैमानिकाच्या आसनाची पाठ, तबकड्या आणि दोन गुडघ्यांमध्ये नियंत्रणदांडा, ज्याच्या टोकाला फावड्याच्या मुठीसारखे गोल कडे असते. आधी हात-पाय कुठे ठेवायचे ते विचारून घ्यावे आणि वैमानिक सांगेपर्यंत कशालाही हात लावू नये.

इंजिन सुरू होताना पंख्याची पाती प्रथम संथ, एकेक करून फिरतात, मग एखादा सिलिंडर पेटतो, धुराचा निळसर लोट मागे येतो आणि एकाएकी बाराही सिलिंडर एका सुरात लागतात. संपूर्ण सांगाडा थरथरतो. त्यानंतर विमान नागमोडी चालू लागते. घाबरू नये, शेपूट खाली असताना लांब नाकामुळे वैमानिकाला समोरचे काहीच दिसत नाही, म्हणून तो आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळून पाहत असतो. या वेळी तो घाईतही असतो, कारण जमिनीवर पंखाखालच्या रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही आणि इंजिनाचे तापमान भराभर चढते.

धावताना विमान डावीकडे ओढ घेते आणि वैमानिक उजव्या पायाने ती ओढ तोडतो. शेपूट उचलली गेली की समोरचे दृश्य उघडते आणि काही क्षणांत गवताचे गचके थांबतात. उड्डाणानंतर विमानाने मान डोलावल्यासारखे वाटले तर नवल नाही: स्पिटफायरमध्ये चाके आत घेण्याची खिट्टी उजव्या बाजूला असते, त्यामुळे वैमानिकाला दांड्यावरचा हात बदलावा लागतो.

हातात दांडा आल्यावर

तीस मिनिटांतील पाच-दहा मिनिटे बहुतेक वैमानिक पाहुण्याला उडवू देतात. तो ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणेल, त्यावर आपण ‘आय हॅव कंट्रोल’ असे स्पष्ट उत्तर द्यायचे आणि ते दिल्यावरच दांडा धरायचा. धरायचाही तो अंगठा आणि दोन बोटांनी. नाक वर-खाली करण्याच्या दिशेने हे विमान विलक्षण हळवे आहे. मी पहिल्यांदा सायकलचे हँडल धरल्यासारखी मूठ आवळली आणि आम्ही बोटीसारखे हेलकावे खाऊ लागलो. वैमानिकाने ‘आता वळायचे आहे असा फक्त विचार करा’ असे सांगितले आणि ते शब्दशः खरे ठरले. डावी-उजवी कलण्यासाठी मात्र वेग वाढेल तसा थोडा जोर लावावा लागतो. तबकड्यांकडे टक लावू नये. क्षितिज आणि नाक यांच्यातील अंतर कायम ठेवले की विमान सरळ जाते.

कसरती करायच्या की नाही, हे जमिनीवर असतानाच वैमानिकाशी ठरवावे. साध्या गिरकीत फारसा भार येत नाही, पण मोठा वळसा घेऊन वर जाताना शरीराचे वजन दुप्पट-तिप्पट होते. सत्तर किलोंच्या माणसाला तीन जी, म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट ओढ, म्हणजे दोनशे दहा किलोंचा भार. त्या वेळी मांड्या आणि पोट घट्ट आवळावे आणि छोटे छोटे श्वास घ्यावेत, म्हणजे डोळ्यांपुढे करडेपणा येत नाही. मान आधीच आसनाला टेकवावी, कारण भार आल्यावर ती हलवता येत नाही. माझा सल्ला असा, की आधी एकच गिरकी मागावी आणि मग दुसरी हवी का ते ठरवावे. जांभया येऊ लागल्या, ओठांवर गार घाम आला, की लगेच सांगावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. मराठी माणूस पैसे भरले म्हणून शेवटपर्यंत सोसत बसतो. तसे केल्यास उरलेली दहा मिनिटे पिशवीत तोंड घालून जातात.

आणि पाच मिनिटे काहीच करू नये. पंखाच्या टोकाकडे पाहावे. खाली रस्ते, चौकोनी शेते आणि किनारा दिसतो आणि त्यावरून पंखाची ती वळणदार कड सरकत असते.

उतरताना विमान सरळ न येता वळत वळत धावपट्टीकडे येते, तेही नाकाने समोरचे दृश्य झाकू नये म्हणूनच. जमिनीला चाके लागल्यावर एखादी उडी बसली तरी ती नेहमीची आहे. या टप्प्यात वैमानिकाशी बोलू नये.

उतरल्यावर

इंजिन थांबले तरी पंखा पूर्ण स्थिर होईपर्यंत आणि मदतनीस पंखावर येईपर्यंत पट्टे सोडू नयेत. सोडताना पुन्हा तीच दोन कुलुपे समोर येतात आणि आता घाईत चूक होते. उभे राहताना पाय थरथरतात, डोके हलके वाटते. पंखावर क्षणभर बसून घेतले तरी कोणी हसत नाही. छायाचित्रे याच वेळी काढून घ्यावीत, कारण पुढचा पाहुणा कपडे बदलून तयार असतो आणि पेट्रोलची गाडी लगेच येते. चित्रफीत तळावरच उघडून, आवाज नीट नोंदला गेला आहे ना ते पाहूनच निघावे. वैमानिकाची सही असलेले प्रमाणपत्र मिळते, त्यावर विमानाचा क्रमांक आणि तारीख लिहिली आहे का ते तपासावे. त्या संध्याकाळी परतताना गाडी स्वतः चालवू नये. मला रात्रीपर्यंत पलंग किंचित डावीकडे कलल्यासारखा वाटत होता.